डबल बेसला कान असतात

साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, सुरू झाला की आमचा ड्रमर आधी माझ्याकडे बघतो. मी मान हलवते, दोन्ही हात तारांवरून उचलते आणि तो किक ड्रमच्या पेडलवर एकदाच पाय मारतो. धप्प. आवाज त्याच्या ड्रमचा, पण मागोमाग माझ्या डबल बेसच्या पोटातून ‘घूंऽऽ’ असा एक सूर उठतो. मी काहीही वाजवलेलं नसतं. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, बंद असेल तर तो सूर दोन क्षणांत विरतो. ॲम्प चालू असेल तर विरत नाही, फुगत जातो, आणि मग तारांवर तळवा ठेवून त्याला गप्प करावं लागतं.

हे आम्ही मुद्दाम करतो. त्या जागेत, त्या दिवशी, वाद्य कोणत्या सुराला सर्वात जास्त घुमतंय ते असं कळतं. माझ्या बेसमध्ये तो सूर बहुतेक वेळा पाश्चात्त्य सप्तकातला बी असतो, साधारण ६२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६२ कंपनांचा. कुठे तो बी-फ्लॅटकडे सरकतो, कुठे सी कडे. पण शेजार सोडत नाही.

डबल बेस म्हणजे पुरुषभर उंचीची पोकळ पेटी. तिच्यावर ई, ए, डी, जी अशा चार तारा, मोकळ्या वाजवल्या तर ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. पेटीतली हवा स्वतः ६० हर्ट्झच्या आसपास घुमते, पुढची फळी १०० च्या आसपास. म्हणजे जिथे तारा बोलतात, नेमक्या त्याच पट्ट्यात पेटी सर्वात हळवी. चार माणसं बसलेल्या खोलीत हेच तिचं वैभव. बँडमध्ये तिच्याशेजारी स्पीकर आला की चित्र पालटतं. स्पीकरचा आवाज फळीवर येतो, फळी थरथरते, तिच्यावर उभी, तारा पेलणारी घोडी थरथरते, घोडीतला पिकअप, म्हणजे थरथर टिपून तिचा विद्युत सिग्नल करणारा तुकडा, ते उचलतो आणि पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. फिरून तेच. फीडबॅक म्हणतात तो हाच. माझं वाद्य बोलतं तसंच ऐकतंही, आणि बँडमध्ये उभं राहिल्यापासून माझी निम्मी मेहनत त्याने कमी ऐकावं यासाठी चालते.

हे दुखणं जुनं आहे. पिकअप नव्हते तेव्हा बेसवाले आतड्याच्या जाड तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे ज्या पट्टीवर बोटं दाबतात तिच्यापासून, चांगल्या उंच बांधत आणि दंडातली सगळी ताकद लावून ओढत. तार फिंगरबोर्डवर आपटून ‘चट्’ आवाज काढायची स्लॅपची पद्धत रंगली त्यात नाचाचा भाग होता, तसा ऐकू येण्याचाही. १९४० च्या दशकात एव्हरेट हल नावाच्या बेसवादकाने एंडपिनच्या, म्हणजे वाद्य ज्या खालच्या दांडीवर उभं राहतं तिच्या, वरच्या टोकाला माईक बसवून तो पेटीच्या आत ठेवला. त्याला तो ‘ॲम्प्लिफाइड पेग’ म्हणे. पुढे त्यावरूनच कंपनीचं नाव अँपेग झालं. बेस ॲम्पमधलं हे एवढं मोठं नाव डबल बेसच्या पोटातून जन्मलंय, हे मला फार आवडतं. १९५१ मध्ये फेंडरचा प्रिसिजन बेस आला. तो गळ्यात अडकवून वाजवता येत होता, त्याला स्वरांच्या जागा बांधून देणारे पडदे होते आणि तो स्पीकरला घाबरत नव्हता. अनेकांनी उभा बेस ठेवून दिला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी स्वतः आठ वर्षं इलेक्ट्रिक बेस वाजवला. त्यातून इकडे आले ती एका स्वराच्या आकारासाठी. डबल बेसची तार सोडली की आधी बोटाचा मांसल ठोका येतो, मग क्षणभराने पेटी उघडते आणि स्वर भरून येतो, आणि लगेच ओसरू लागतो. पुढचा स्वर येईपर्यंत मध्ये थोडी मोकळी जागा राहते. त्या जागेत ड्रमरचा राइड सिंबल, म्हणजे लय धरणारी मोठी झांज, बसतो. इलेक्ट्रिक बेसवर स्वर सपाट चालत राहतो; त्याचीही गाणी आहेत, पण ती जागा त्यात नाही. आवाज मोठा करताना नेमका हा आकारच आधी मरतो. तो वाचवायचा, एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिल्या मोठ्या कार्यक्रमात मला तो वाचवता आला नाही. घोडीच्या पंखात, म्हणजे दोन्ही बाजूंना ज्या खाचा असतात त्यात, पिएझो पिकअप बसवून मी गेले होते. तिथे हातात एक साधा पॅसिव्ह, म्हणजे बिनविजेचा, डीआय बॉक्स मिळाला; वाद्याचा सिग्नल मिक्सरकडे नेणारी ही डबी. मी जॅक लावला, ई वाजवला आणि स्पीकरमधून पत्र्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. खाली काहीच नाही. साउंडवाल्यांनी मिक्सरवर लो वाढवला, अजून वाढवला, आणि पत्र्याच्या आवाजाखाली गुरगुर सुरू झाली. कार्यक्रमभर मी त्या दोघांच्या मध्ये अडकले होते. वर टकटक, खाली गुरगुर, मधला स्वरच गायब.

पिकअप चांगला होता, डीआय बॉक्सही चांगला होता. त्यांची जोडी चुकली होती. पिएझो हा स्फटिकाचा किंवा सिरॅमिकचा तुकडा. तो दाबला की त्यावर विद्युतभार तयार होतो; हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला. पण हा तुकडा कपॅसिटरसारखा वागतो. त्याच्यापुढे जे इनपुट येईल त्याचा रोध कमी असेल, तर खालचे सूर तिथेच गळून जातात. आकडे घेऊन बघा. पिकअप १ नॅनोफॅरडचा धरला आणि पॅसिव्ह डीआयचा इनपुट रोध दीड लाख ओहम, तर सुमारे १०६० हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. १० लाख ओहमचं इनपुट दिलं, म्हणजे १ मेगाओहम, तर ही रेघ १६० च्या आसपास येते. १० मेगाओहम दिलं तर १६ वर. माझी सर्वात खालची तार ४१ ची. पहिल्या हिशेबात तिच्या वाट्याला काय उरलं असेल ते उघड आहे. मोठ्या पट्टीच्या पिकअपची कपॅसिटी जास्त असते, तिथे १ मेगाओहमवरही भागतं. माझा पिकअप छोटा. म्हणून तेव्हापासून १० मेगाओहमचा एक छोटा प्रीॲम्प, म्हणजे पिकअपचा सिग्नल सर्वात आधी घेणारी डबी, माझ्या पिशवीत असतो आणि पिकअपची वायर त्याच्याशिवाय दुसऱ्या कशालाही मी लावू देत नाही. वायरही तोकडी, कारण लांब वायरीत या पिकअपचा आवाज कमी होतो.

पिकअप कोणता, हे मला फार विचारतात. घोडीच्या पंखातला पिकअप बोटाचा ठोका स्पष्ट दाखवतो, गर्दीत कापत जातो आणि जरा कोरडा वाटतो. घोडीच्या पायाखाली फळीला चिकटून बसणारा, उदाहरणार्थ रिअलिस्ट, लाकडाचा जास्त वाटतो, मऊ, पण फळीशी सलगी असल्याने मोठ्या आवाजात लवकर घुमतो. घोडीची उंची कमीजास्त करायची चाकं असतात, त्यातच बसणारेही आहेत. मॅग्नेटिक पिकअप फीडबॅकला सर्वात कमी दाद देतो, कारण तो लाकडाचं ऐकतच नाही, पोलादी तारेचं ऐकतो. आतड्याच्या तारा त्याला कळतच नाहीत. स्लॅपवाले फिंगरबोर्डसाठी दुसरा पिकअप वेगळा लावतात, म्हणजे तो ‘चट्’ स्वतंत्र चॅनलवर घेता येतो. माझी निवड पंखातला पिकअप आणि सोबत छोटा क्लिपचा माईक. यावर भांडायची माझी इच्छा नाही. कोणाच्या बँडमध्ये ड्रम किती जोरात वाजतो, त्यावर हे ठरतं.

माईकबद्दल एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती मला फार उशिरा कळली. माईक आणि पिकअप दोन्ही एकत्र मिसळले की कधी आवाज भरतो, कधी अचानक पोकळ होतो. पिकअप तारेची हालचाल जागच्या जागी पकडतो. माईकपर्यंत आवाज हवेतून येतो, आणि हवेत आवाजाला १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटरच कापता येतात. माईक फळीपासून १५ सेंटिमीटरवर असेल तर तो अर्ध्या मिलिसेकंदाने मागे असतो, आणि त्या अंतराने काही सूर एकमेकांना मारतात. मी आता माईकला खालचा भाग देतच नाही. २०० हर्ट्झच्या खालचं सगळं पिकअपकडे, वरचं लाकूड आणि बोटांची कुजबुज माईककडे. दोघांची कामं वेगळी केल्यावर भांडण जवळजवळ संपलं. आणि माईक फक्त पुढच्या, लोकांसाठीच्या स्पीकरना जातो. माझ्या मॉनिटरमध्ये, म्हणजे मला माझाच आवाज ऐकवणाऱ्या रंगमंचावरच्या स्पीकरमध्ये, तो कधीच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. माझ्या सगळ्या सामानातली सर्वात उपयोगी वस्तू हाय-पास फिल्टरचं एक बटण आहे. साउंडवाले त्याला लो-कट म्हणतात. ठरवलेल्या रेषेच्या खालचं सगळं ते कापून टाकतं. बेसवाल्या बाईला खालचे सूर कापायला सांगणं म्हणजे सुताराला रंधा टाकायला सांगण्यासारखं वाटतं, मलाही तसंच वाटलं होतं. पण ४१ हर्ट्झच्या खाली माझ्या वाद्यात संगीत काही नाही. तिथे आहेत ते रंगमंचाच्या फळ्यांवरचे पावलांचे धक्के, किकचे हादरे, बोट तारेवर ठेवताना फळीला बसणारा ठोसा. हे सगळं ॲम्प इमाने-इतबारे मोठं करतो, त्याची ताकद त्यात खर्ची पडते आणि स्पीकरचा कोन नुसता पुढेमागे हलत राहतो.

त्याच्याही वर जाता येतं. खालचा ई ४१ चा खरा, पण ही पेटी त्या सुरासाठी लहानच आहे. ४१ हर्ट्झची एक लाट ८ मीटरहून लांब असते. दोन मीटरच्या वाद्याला ती नीट फेकता येत नाही. म्हणून ॲम्पशिवायही ई वाजवला की कानापर्यंत जास्त पोचतात ते ८२, १२४, १६५ हर्ट्झचे त्याचे वरचे अंश. आणि कान हुशार. हे अंश एका शिस्तीत आले की खालचा मूळ सूर तो स्वतः भरून घेतो. म्हणून ६० वर, कधी ८० वर कापलं तरी ई हा ई च ऐकू येतो. उलट त्याला कडा येते.

एकदा एका मोठ्या बंदिस्त सभागृहात स्पीकरखाली भलेमोठे सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारे स्पीकर, होते. सबचा आवाज फक्त पुढे जात नाही, तो सगळीकडे पसरतो, रंगमंचावरही मागे येतो. माझा पाय टेकला होता ती फळी हलत होती. साउंडवाले वयाने मोठे, अनुभवी गृहस्थ. त्यांनी इंटरकॉमवर विचारलं, “ताई, बेस अजून देऊ का? तुमचा स्वर कळत नाहीये.”

“देऊ नका दादा, काढा. लो-कट ८० वर न्या.”

“८०? बेसला?”

“एकदा करून बघा. नाही आवडलं तर परत आणा.”

त्यांनी बटण हळूहळू फिरवलं. मी चालता बेस वाजवत होते, मधल्या लयीत, एकेका ठोक्याला एकेक स्वर. ४० वर सगळं एकच गरगरणं होतं. ६० च्या आसपास दोन स्वरांमधली भिंत दिसू लागली. ७० च्या पुढे बी चा तो फुगा बसला आणि मग एकाएकी बोटाचा ठोका, मागून लाकूड, मग ओसरणं, असं तिन्ही वेगळं ऐकू आलं. ड्रमरने काठ्या चालू ठेवून मान वर केली. “आता कळतंय तू कुठे आहेस,” तो म्हणाला. दादांनी बटण ७५ वर ठेवलं आणि मग बेसचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, आधीपेक्षा वर नेला. त्या रात्री मी सभागृहाच्या मध्यावर खुर्चीखाली रेकॉर्डर ठेवला होता. रंगमंचावर आवाज सडपातळ वाटत होता, रेकॉर्डिंगमध्ये तो भरलेला होता.

बाकीच्या युक्त्या यापुढे लहान आहेत, पण कामाच्या. ॲम्प जमिनीवर ठेवू नये. फळ्यांतून तो एंडपिनमध्ये चढतो. मी तो खुर्चीवर ठेवते, कानाजवळ, आणि वाद्याची पुढची फळी त्याच्याकडे तोंड करणार नाही असं उभी राहते. किकच्या तोंडासमोर तर कधीच नाही. पुढच्या फळीवरच्या एफ आकाराच्या छिद्रांत फोमचे तुकडे बसवले की पेटीतली हवा थोडी शांत होते. प्रीॲम्पवर फेज उलटवायचं, म्हणजे लाटेचा चढ-उतार उलटा करायचं, बटण असतं, ते दोन्हीकडे करून बघायचं. ६२ हर्ट्झची लाट साडेपाच मीटरची. ॲम्पपासूनचं अंतर बदललं की तोच सूर कुठे साथ देतो, कुठे विरोध करतो. म्हणून कधी बटणाचं काम एक-दोन पावलं सरकूनही होतं. आणि इतकं करून बी उरलाच, तर त्या एका सुरावर अरुंद नॉच, म्हणजे तेवढाच सूर कापणारा फिल्टर.

पण हे सगळं वायरीचं झालं. ॲम्प आला की हात बिघडतो, हे मी स्वतःवर पाहिलंय. आवाज फुकट मिळतो म्हणून मी तारा खाली आणल्या, डावा हात हलका झाला, वेग आला. काही महिन्यांनी जुनं रेकॉर्डिंग शेजारी लावून ऐकलं तेव्हा जाणवलं की ठोका गेलाय. उरलाय तो लांब, रबरी, म्याँव करणारा स्वर. १९७० च्या दशकातल्या बऱ्याच रेकॉर्डिंगवर डबल बेस असा ऐकू येतो; कित्येकांना तो प्रिय आहे, मला नाही. मी तारा पुन्हा वर नेल्या, जी सहा मिलिमीटर, ई नऊच्या जवळ. उजव्या हाताची तर्जनी टोकाने नाही, कडेने लावते, पहिलं पेर पूर्ण तारेवर, अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकलेला, आणि तार बोटाने न खेचता खांद्यापासूनच्या वजनाने सोडते. असा स्वर पिकअपमध्ये शिरतो तेव्हाच जाड असतो. मिक्सरवर तो जाड करावा लागत नाही.

आणि न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणं. ॲम्पशिवाय याची फारशी गरज पडत नाही, उलट मोकळ्या तारांचा झंकार गोड वाटतो. ॲम्पसोबत मोकळा ए हा उघडा दरवाजा आहे. वरच्या तारांवर सोलो चालू असताना तो खाली आपोआप जागा होतो आणि तुम्हाला कळायच्या आत सभागृहभर पसरतो. मी उजव्या हाताचा अंगठा ई वर आणि डाव्या हाताची मोकळी बोटं ए वर झोपवून ठेवायची सवय लावली. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदन चालू असताना माझा डावा हात चारही तारांवर पसरलेला दिसेल. ते नुसतं उभं राहणं नसतं.

सुरात राहणं हा वेगळाच झगडा. या वाद्याला पडदे नाहीत. बोट केसभर सरकलं तरी स्वर बदलतो, आणि गोंगाटात खालचा सूर कानाला नेमका कळत नाही. मॉनिटर वाढवला की आणखी गढूळ होतं. मी मॉनिटरमध्ये ७००-८०० हर्ट्झच्या आसपास किंचित उचलायला सांगते; तिथे स्वराचा चेहरा दिसतो. अगदीच काही कळेनासं झालं तर मान वाकवून कान वाद्याच्या गळ्याला लावते. लाकडातून आलेला सूर खरा असतो.

गजाचं मात्र अजून जमलेलं नाही. आमच्या एका संथ गाण्याच्या शेवटी सोळा मात्रा मी गजाने वाजवते. पिएझोमधून गजाचा आवाज करवतीसारखा येतो. २५०० हर्ट्झच्या वरचं कापलं की करवत जाते पण श्वासही जातो. माईक एकटा ठेवला तर गायिकेचा मॉनिटर त्यात शिरतो. पायाने पिकअपवरून माईकवर जायचा स्विच केलाय, तरी पहिल्या दोन मात्रा प्रत्येक वेळी कच्च्या जातात. पुढच्या कार्यक्रमात माईक घोडीच्या वर न ठेवता खाली, टेलपीसला, म्हणजे तारांची खालची टोकं बांधतात त्या पट्टीला, अडकवून, तोंड वर करून बघणार आहे, म्हणजे मॉनिटरकडे त्याची पाठ येईल. ड्रमर म्हणतोय, तेवढ्या सोळा मात्रा तो ब्रशही उचलणार नाही.